तीन जीवांची : पोटात जुळं असताना वजन किती वाढावं, चालावं किती

सोनोग्राफीत डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचे दोन ठिपके दाखवले, तेव्हा मला काही सुचलंच नाही. बाहेर बाकावर बसून तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं तपासणीचं कार्ड, उघडलं. नर्सनं कन्नडात एक शब्द लिहिला होता. मला कन्नड बोलता येतं, पण वाचताना मी अडखळते. अक्षरं जुळवत वाचलं : अवळी. म्हणजे जुळी. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "आता दोन नव्हं गे, तीन जीवांची झालीस. तिघांचं खायचं." शेजारच्या काकूंनी लगेच भर घातली, "आणि हलायचं नाही. कॉटवरनं पाय खाली टेकू नकोस."

दोन्ही सल्ले मायेचे होते आणि दोन्ही चुकीचे. तिघांचं जेवण पोटात मावत नाही, आणि निजून राहिल्यानं जुळं जास्त दिवस पोटात टिकतं असं अभ्यासात दिसलेलं नाही. मला नंतर कळलं ते असं : जुळं असताना आईचं वजन लवकर वाढवायला लागतं. सातव्या महिन्यानंतर गर्भाशय जठराला इतकं वर ढकलतं की चार घास खाल्ले तरी छातीत जळजळतं. म्हणून जे काय करायचं ते पहिल्या सहा महिन्यांत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या बाजूला ज्यांच्या कार्डावर तो शब्द नुकताच पडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. जुळ्याचं बाळंतपण जोखमीचंच धरतात, त्यामुळे यातलं प्रत्येक पाऊल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच टाका.

आधी कार्ड वाचायला शिका

तायी म्हणजे कन्नडात आई. आपल्याकडच्या बायका त्याला सरसकट ताई कार्ड म्हणतात आणि त्यानं कुणाचं काही अडत नाही. आतले शब्द मात्र ओळखीचे करून घ्या. तूक म्हणजे वजन, रक्तदोत्तड म्हणजे बीपी, रक्तहीनते म्हणजे अंगात रक्त कमी, मात्रे म्हणजे गोळ्या, हेरिगे म्हणजे बाळंतपण. दर भेटीत तूक आणि रक्तदोत्तडचे आकडे भरले गेले का, हे खोलीबाहेर पडायच्या आत बघा. गर्दीच्या दिवशी रकाने कोरे राहतात. माझ्या कार्डावर दोन भेटींचं वजन लिहिलेलंच नव्हतं, आणि नेमके ते आकडे पुढे लागले.

दुसरं काम सोनोग्राफीचं. अकरा ते चौदा आठवड्यांच्या तपासणीत एक प्रश्न न लाजता विचारा : "वार एक आहे की दोन?" वार म्हणजे नाळेतून बाळाला रक्त पोचवते ती. दोन्ही बाळांना वेगळी वार असेल तर धोका त्या मानानं कमी, आणि साधारण चार आठवड्यांनी सोनोग्राफी करतात. वार एकच असेल तर एका बाळाकडचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाण्याचा धोका असतो, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी बघावं लागतं. चौदा आठवडे उलटले की हे ओळखणं अवघड होत जातं. मुलगा की मुलगी हा प्रश्न मात्र तोंडातून काढू नका, १९९४च्या कायद्यानं तो गुन्हा आहे.

वार एक की दोन, याचा वजनाशीही संबंध आहे. एका वारेच्या जुळ्यात चार-आठ दिवसांत पोट एकदम ताणलं, वजन उडी मारून वाढलं, श्वास लागू लागला, तर घरचे म्हणतील छान अंग धरतंय. ते अंग नसतं, एका पिशवीत पाणी साठत असतं. पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

तुमचा आकडा कोणता

दिवस जाण्याआधीचं वजन किलोत घ्या. उंची मीटरमध्ये घेऊन तिला तिनंच गुणा. वजनाला त्या गुणाकारानं भागलं की जो आकडा येतो तो बीएमआय. माझी उंची १५४ सेंटिमीटर, वजन ४७ किलो होतं. १.५४ गुणिले १.५४ म्हणजे २.३७, आणि ४७ भागिले २.३७ म्हणजे १९.८.

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २००९ साली जुळ्यांसाठी दिलेले आकडे जगभर वापरतात. बीएमआय १८.५ ते २४.९ असेल तर एकूण वाढ १७ ते २५ किलो. २५ ते २९.९ असेल तर १४ ते २३. तीस किंवा वर असेल तर ११ ते १९. एकट्या बाळासाठी पहिल्या गटाला ११.५ ते १६ किलो सांगतात, म्हणजे जुळ्याला ते दुप्पट होत नाही, साधारण दीडपट होतं. तिघांचं खायच्या गोष्टीला उत्तर इथंच मिळतं.

१८.५च्या खाली बीएमआय असलेल्यांसाठी या तक्त्यात जुळ्याचा रकानाच नाही. आपल्या भागात, विशेषतः शेतात राबणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांत अशा पुष्कळ सापडतील. दीड मीटर उंचीची, ३९ किलोची बाई घ्या, तिचा बीएमआय १७.३ येतो. तिनं किमान १७ किलोचं लक्ष्य तरी धरावं आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. दुसऱ्या टोकाला, भारतीय माणसासाठी २३च्या वर वजन जास्त समजतात, कारण आपल्याला साखर लवकर गाठते. बीएमआय २४ असेल तर २५ किलोचं वरचं टोक आपलं नव्हे.

हे आकडे वाचून मला घाम फुटला होता. ४७ किलोच्या बाईनं १७ किलो वाढायचं म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त! पण ते कुठून आले हेही ध्यानात घ्या. सदतीस आठवडे पुरे करून, सरासरी अडीच किलो किंवा वरच्या वजनाची जुळी झालेल्या बायकांची वाढ बघून ते ठरवलेले आहेत. निम्म्याहून जास्त जुळी सदतीस आठवड्यांच्या आतच जन्मतात. पस्तिसाव्या आठवड्यात बाळंत झालेल्या बाईनं "माझे १७ भरले नाहीत" म्हणून रडू नये, तिचे दोन आठवडे कमी होते.

आणि ही सगळी चरबी नव्हे. दोन बाळांचे चार-साडेचार किलो, वार, पाणी, फुगलेलं गर्भाशय, आणि पहिल्यापेक्षा निम्म्याहून जास्त वाढलेलं रक्त. अंगावर चढतं ते उरलेलं, आणि त्यातलं बरंच अंगावरच्या दुधाच्या दिवसांत खर्चही होतं.

वेळापत्रक म्हणाल तर पहिल्या तीन महिन्यांत दोन-तीन किलो झाले तर उत्तम, न झाले तरी घाबरायचं नाही. तिथून पुढे आठवड्याला अर्धा ते पाऊण किलो. मध्यम बीएमआयच्या बाईनं चोविसाव्या आठवड्यापर्यंत दहा-अकरा किलोच्या आसपास पोचावं असा एक ढोबळ अंदाज धरतात. त्या आठवड्यात मी साडेआठवर होते. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, "अंडी खातेस का?" एवढंच विचारलं.

काटा एकच ठेवा

दवाखान्यातला काटा वेगळा, मेडिकलमधला वेगळा, अंगणवाडीतला तिसराच. एकाच दिवशी तीन ठिकाणी माझं वजन दीड किलोनं इकडचं तिकडं आलं. म्हणून एक काटा पकडायचा, आठवड्यातला एक दिवस पकडायचा (मी सोमवार धरला होता), सकाळी उठून संडासला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, तशाच हलक्या गाऊनवर वजन करायचं. काटा शहाबादी फरशीवर ठेवा. सारवलेल्या जमिनीवर किंवा चटईवर तो खोटं बोलतो. आकडा वहीत लिहा. रोज वजन करू नका, उगाच जीव खालीवर होतो.

आठवड्यात एक किलोच्या वर वाढ झाली, तोंड-हात सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं चमकलं किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं, तर बीपी बघून घ्यायला त्याच दिवशी जा. १४० वर ९० हा धोक्याचा आकडा. जुळ्यात बीपी वाढण्याचा धोका जास्त असतो, म्हणून बारा आठवड्यांनंतर डॉक्टर कधी कमी ताकदीची ॲस्पिरिन सुरू करतात. ती लिहून दिली तर "गरोदरपणात ॲस्पिरिन?" म्हणून मनानं बंद करू नका, आणि लिहून दिली नसेल तर मनानं घेऊही नका.

पहिले तीन महिने : पोटात काही राहत नाही तेव्हा

जुळ्यात ओकाऱ्या जास्त होतात. मला तिसऱ्या महिन्याअखेर पावणेदोन किलो कमीच भरलं. त्या दिवसांत पौष्टिक वगैरे विसरा. उशाशी चिरमुरे, फुटाणे, जोंधळ्याच्या लाह्या ठेवा, अंथरुणातून उठायच्या आधी मूठभर तोंडात टाका. दर दोन तासांनी थोडं. पाणी जेवताना नको, मध्ये मध्ये घोटघोट. फोडणीचा वास सोसत नसेल तर स्वयंपाक दुसऱ्याकडे द्या, यात लाज कसली? मूळ वजनाच्या वीसाव्या हिश्श्याहून जास्त उतरलं (४७ किलोला साधारण सव्वादोन किलो), लघवी गडद होऊन कमी झाली, किंवा पाणीही टिकेना, तर घरगुती उपाय पुरे. सलाइन लावून घ्यायला जा.

ताटात काय

साधारण हिशेब असा की एका बाळामागं रोज तीनशे उष्मांक जास्त, म्हणजे जुळ्याला सहाशेच्या घरात. आपल्या स्वयंपाकघरात त्याचा अर्थ : नेहमीच्या जेवणावर एक जोंधळ्याची भाकरी, दोन उकडलेली अंडी, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि पेलाभर दूध. बस्स. त्यात तीसेक ग्रॅम प्रथिनंही आली. तिघांचं खायचं म्हणून भाताचा डोंगर उपसण्यापेक्षा हे चार जिन्नस दिवसभरात पसरून खाल्ले तर अंगी लागतात.

तीन जेवणं, तीन मधली खाणी. मी सकाळी नाचणीची आंबील ताक घालून, दहाला अंडी, दुपारी भाकरी, मोडाच्या मटकीची किंवा हुलग्याची उसळ आणि पालेभाजी, चारला शेंगदाणे-गुळाचा लाडू, रात्री लवकर आमटी-भात, झोपताना दूध, असं चालवलं. आमच्या भागातली रताळी ही देणगी आहे. हंगामात ढिगानं येतात, उकडून दुधाबरोबर खाल्ली की पोट भरतं आणि बद्धकोष्ठही सैल होतं. शेवगा, मेथी, राजगिरा, अंबाडी आलटून पालटून घ्या. मासे-मटण खाणाऱ्यांनी खावं, नीट शिजवून. दूध तापवलेलंच प्या, धारोष्ण नको.

आता कुंद्याविषयी, म्हणजे बेळगावच्या त्या मिठाईविषयी. बाहेरगावचा प्रत्येक पाहुणा गरोदर बाईसाठी डबा घेऊन येतो, त्याला काय करणार? खवा आणि साखर, खाऊन वजन वाढतं हे खरं, पण ज्या वाढीची आपल्याला गरज आहे ती ही नव्हे. चमचाभर चाखा, उरलेला पाहुण्यालाच वाढा. जुळ्यात साखर वाढण्याचा धोका जास्त असतो. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आलं तर आहार बदलावा लागतो. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत करतात. चुकवू नका.

अंगणवाडीचं जेवण कमीपणाचं मानणाऱ्या घरांत मी राहिले आहे. कर्नाटकात मातृपूर्ण योजना २ ऑक्टोबर २०१७ला सुरू झाली. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना भात, सांबार-भाजी, अंडं, दूध आणि शेंगदाण्याची चिक्की. तुमच्या अंगणवाडीत आज काय आणि कसं मिळतं ते विचारून घ्या, नाव नोंदवा. वरच्या चार जिन्नसांतले तीन तिथंच भेटतात!

आता एक अवघड गोष्ट. निपाणी पट्ट्यात तंबाखू आणि विडीवर घरं चालतात, आणि मशेरी लावणाऱ्या बायका तर गावोगाव आहेत. पहाटे मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणतात. तंबाखू ओढा, चघळा की दातांना चोळा, बाळाचं वजन घटवतेच, आणि जुळ्यांचं वजन आधीच कमी. विड्या वळताना तंबाखू कातडीतूनही अंगात जाते. काम सोडणं परवडत नसेल तर निदान जर्दा दुसऱ्यानं भिजवावा, खोलीला वारा असावा, जेवणाआधी हात साबणानं धुवावेत, आणि ही सवय किंवा हे काम डॉक्टरांना उघड सांगावं. लपवून काही साधत नाही.

"जास्त खाल्लंस तर बाळं मोठी होतील, सिझर होईल," असं सांगणाऱ्याही भेटतील. जुळ्याचं सिझर बहुतेक वेळा बाळं कशी पडली आहेत यावरून ठरतं. खाणं कमी करून बाळंतपण सोपं होत नाही, बाळं काचेच्या पेटीत जातात.

गोळ्यांचं गणित

लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेतली तर एक दुसरीला पचू देत नाही. सरकारी दवाखान्यात तिसऱ्या महिन्यानंतर रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी देतात, कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. मी कॅल्शियम सकाळ-रात्री जेवणाबरोबर घेत असे, लोह दुपारी चारला लिंबूपाण्यासोबत. चहा त्याच्या तासभर आधी-नंतर नको. आमच्याकडे चारचा चहा सोडणं हे उपासापेक्षा अवघड गेलं. संडास काळी होते, घाबरू नका. जुळ्याला डॉक्टर कधी जास्त मात्रा लिहितात. हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर व्यायामाचा पुढचा भाग तूर्त बाजूला ठेवा आणि आधी रक्त वाढवा.

चालणं आणि व्यायाम

सुरू करण्याआधी परवानगी. पोटात तिळं असेल, अंगावरून रक्त जात असेल, वार खाली असेल, गर्भाशयाचं तोंड आखूड किंवा सैल असेल, बीपी चढलेलं असेल, एखाद्या बाळाची वाढ मागं असेल किंवा कळांची लक्षणं असतील, तर व्यायाम नाही. बाकीच्यांना अठ्ठावीस आठवड्यांपर्यंत बेतानं करता येतो. त्यानंतर किती आणि काय, हे डॉक्टरांनी पुन्हा बघून ठरवायचं.

पूर्ण अंथरुणाला खिळणं मात्र कारणाशिवाय नको. नुसतं पडून राहिलं तर पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते, स्नायू झडतात, भूक मरते. भूक मेली की वजन कुठून वाढणार? शेजारच्या काकूंना हे समजावताना माझी दमछाक झाली, चालून झाली नाही तेवढी.

चालणं दहा-दहा मिनिटांचं, दिवसातून दोन-तीनदा. कसोटी एकच : चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत. धाप लागून वाक्य तुटलं तर वेग कमी. बेळगावात टिळकवाडीत राहणाऱ्यांना वॅक्सिन डेपोची झाडी आहे, सकाळी तिथं सपाट आणि गार असतं. खानापूरकडे पावसाळ्यात लाल मातीचा चिखल होतो, त्यात पाय घसरला तर काय? जून ते सप्टेंबर पडवीतच येरझाऱ्या घाला. पट्टीची, मागून धरणारी चप्पल घाला. एप्रिल-मेत सकाळी आठच्या आत उरका, अंग तापू देऊ नका, पाण्याची बाटली बरोबर ठेवा.

चालण्याशिवाय मी आठवड्यातून चार दिवस एवढंच करायचे, पंधरा मिनिटांत आटपायचं :

खुर्चीवर बसून पावलं वर-खाली वीस वेळा, मग गोल फिरवणं. पोटऱ्यांत गोळे येतात त्यावर हे बरं.

हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, आठ ते दहा वेळा. खुर्ची भिंतीला लावलेली हवी. सहाव्या महिन्यानंतर मी हात टेकून करू लागले.

भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहून, तळवे भिंतीला लावून कोपरं वाकवणं, दहा वेळा. बाळंतपणानंतर दोन पोरं उचलायची आहेत, त्याची ही तयारी.

हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ मांजरासारखी वर करणं आणि सरळ करणं. मार्जारासनातला खाली वाकवण्याचा भाग सोडून द्या. मनगटं दुखली तर थांबा.

लघवी अडवल्यासारखे खालचे स्नायू आवळून पाच मोजणं आणि सोडणं, दहा वेळा. हे बसस्टँडवरही करता येतं, कुणाला कळत नाही. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र करू नका.

कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडणं, सूर्यनमस्कार, पोटावर झोपून किंवा उड्या मारून करायचं काहीही नको. पाचव्या महिन्यानंतर उताणं पडून व्यायाम नको, पोटाचं ओझं मोठ्या शिरेवर पडून चक्कर येते. झोपताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. उठताना आधी कुशीवर वळून, हातावर भार देऊन.

मधेच अंगावरून गेलं, पाणी गेलं, पोट ठराविक वेळानं कडक झालं, छातीत दुखलं, चक्कर आली किंवा एकाच पोटरीत दुखून सूज आली, की तिथंच थांबायचं आणि फोन करायचा.

घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे

"आमच्या वेळी रोप लावता लावता बाळंत व्हायचो," हे वाक्य तुम्ही ऐकाल. तेव्हा किती बाळं हाती लागायची, हे त्या वाक्यात नसतं. चिखलात दिवसभर वाकून भात लावणं, डोक्यावर घागर, बेळगावच्या वडगाव-खासबागेत विणायच्या मागापुढं तासन्‌तास उभं राहणं, याला मी कष्ट म्हणते. जुळ्यात लांब वेळ उभं राहणं आणि जड उचलणं पाचव्या महिन्यापासूनच टाळा. घागर दुसऱ्यानं आणावी. भाजी बसून चिरावी, भाकरी ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून थापावी. दुपारी तासभर कुशीवर आडवं व्हावं, आणि त्याला कुणी आळस म्हटलं तर वहीतला वजनाचा आकडा दाखवावा. माझ्या सासूबाईंचं मत त्या वहीनंच बदललं. बाविसाव्या आठवड्यापासून सोमवारी काटा त्याच मांडायच्या.

माहेरी कधी, आणि कुठं

पहिलं बाळंतपण माहेरचं. आपल्या सीमेवर सासर बेळगावात आणि माहेर चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर नाहीतर मिरजेला, हे घरोघरी. डोहाळजेवण सातव्यात, मग नवव्यात माहेरी, असा रिवाज. जुळ्याला तो चालत नाही, कारण जुळं नववा पुरा होऊ देईलच असं नाही. दोन वारांचं जुळं सगळं नीट असेल तर सदतीस-अडतीस आठवड्यांत, एका वारेचं पण वेगळ्या पिशव्यांचं छत्तीस-सदतीसमध्ये डॉक्टर स्वतःच मोकळं करतात. म्हणून माहेरी जायचं की नाही हे पाचव्या महिन्यात ठरवा, जायचं तर अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जा. डोहाळजेवणात दोन तास पाटावर बसवून फोटो काढायची हौस असते, खुर्ची मागून घ्या.

गाव कुठलंही असो, दवाखाना असा बघा जिथं रात्री सिझर होतं, रक्त मिळतं आणि नवजात बाळांची काचेची पेटी आहे, तीही दोन बाळांना पुरेल एवढी. बेळगावात सरकारी बिम्स आणि केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल ही मोठी ठिकाणं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासूनच्या गरोदर बायकांना मोफत तपासतात, त्या दिवशी प्रसूतितज्ज्ञ भेटण्याची शक्यता जास्त. आशाताईंना विचारून ठेवा.

हद्द ओलांडताना पंचाईत कागदांची होते. पलीकडच्या दवाखान्यात कन्नड कार्ड वाचायला कुणी नसतं. म्हणून जाण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर मराठीत किंवा इंग्रजीत लिहून घ्या : शेवटच्या पाळीची तारीख, वार एक की दोन, रक्तगट, शेवटचं हिमोग्लोबिन, बीपी, साखर, सुरुवातीचं आणि आजचं वजन, चालू गोळ्या. सगळ्या सोनोग्राफींची झेरॉक्स त्यालाच टाचून. नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी दोनदा वजन करा, एकदा तुमच्या काट्यावर आणि एकदा त्यांच्या, म्हणजे फरक कळतो. माझी आई काटा बघून हसली होती, सामानात लुगडी आणायची सोडून हे काय आणलंस म्हणून.

सदतीस आठवड्यांच्या आत तासाभरात चार-सहा वेळा पोट कडक झालं, पाणमोट फुटली, अंगावरून गेलं, बाळांची हालचाल मंदावली, किंवा तळहात-तळपायांना पुरळाशिवाय रात्रभर खाज सुटली, तर १०८ लावा. सीमेच्या दोन्ही बाजूंना नंबर तोच आहे. खानापूर शहरातून बेळगाव पंचवीसेक किलोमीटर, पण जंगलाकडच्या वाड्यांतून पावसाळ्यात तेवढ्याला दुप्पट वेळ धरा आणि शेजारच्या गाडीवाल्याचा नंबरही भिंतीवर लिहून ठेवा. पिशवीत दोन नव्हे, चार दुपटी, दोन टोपडी, तुमचा गाऊन, आधार कार्ड, तायी कार्ड आणि ती वही.